काय व्ह्यू आहे, आप्पा!

दुसऱ्याच्या शेताचं कौतुक केलं म्हणून मी एकदा काठी खाता खाता वाचलो आहे.

बायको शुभांगी आणि मी उल्हासनगरहून स्कूटरवर बारवी धरण बघायला निघालो होतो. बदलापूर मागे पडलं आणि एका पाड्यापाशी मागचं चाक बसलं. समोरच्या कौलारू घराच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. सगळा पाडा त्यांना आप्पा म्हणायचा, आणि त्यांच्या शब्दाबाहेर तिथे कोणी नव्हतं. त्यांनी लगेच मुलाला पंक्चरवाला आणायला पिटाळलं. सुनेने पाणी दिलं. आत आजी तांदळाच्या भाकऱ्या थापू लागल्या. एवढं अगत्य बघून माझं कुतूहल नको तितकं जागं झालं.

"आप्पा, हे शेत तुमचंच?"

"हां."

"त्या आंब्यापर्यंत?"

"पार वढ्यापत्तुर." आप्पांच्या कपाळावर आठी.

"वा! विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं? सातबारा कोणाच्या नावावर?" (हा शब्द मला का सुचला, देव जाणे! मी सातबारा आयुष्यात पाहिलेला नाही.)

विषय बदलावा म्हणून शुभांगी म्हणाली, "अहो, फोटो काढा ना. भाईंना दाखवू!"

(भाई म्हणजे तिचे थोरले बंधू. डोंबिवलीत चष्मे विकतात. पण हे आप्पांना कसं कळावं?)

मी मोबाइल काढला, डोंगराकडे धरला आणि उद्गारलो, "काय व्ह्यू आहे!"

आप्पा काठीसकट उठले. "आगं ये, भाकऱ्या थांबव! एजंट हाय ह्यो!"

तेवढ्यात मुलगा पंक्चरवाल्याला घेऊन आला. आप्पा गरजले, "त्या चाकाला हात लावू नको!"

"आप्पा, मी शाळेत चित्रकला शिकवतो हो!"

"मागला एजंट पन मास्तरच व्हता! जमीन इकायची नाय!"

काठी वर गेली. मी हात जोडून मागे सरकलो, आणखी सरकलो, आणि धप्पकन म्हशीच्या पाण्याच्या टाकीत बसलो!

पिठाच्या हातांनी आजी धावत बाहेर आल्या. त्यांनी मला टाकीत नीट निरखलं.

"आवो, ठेवा ती काठी! एजंट येवडा बावळट असतो का कुठं?"

आप्पांनीही मला वरून खाली न्याहाळलं. त्यांना ते पटलं. "ह्ये मातर खरं," म्हणत त्यांनी काठी खाली घेतली, चुलीवर पुन्हा तवा चढला, पंक्चरवाला कामाला लागला.

निदान बायको तरी आपली बाजू घेईल, म्हणून मी शुभांगीकडे पाहिलं. ती कौतुकाने आजींचा हात धरून म्हणाली, "आजी, मला हे कळायला लग्न करावं लागलं. तुम्ही एका नजरेत ओळखलंत!"

मी टाकीतूनच मान डोलावली.