समितीपुढची फाईल

१९८८ साली पिंपळगाव रेणुकाईच्या ढोल-मंडळाबरोबर रायभान परदेशातल्या एका महोत्सवाला गेला होता. नेणाऱ्या माणसानं सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवले आणि कार्यक्रम उरकल्यावर तो दिसेनासा झाला. अकरा माणसं दोन दिवस परक्या स्टेशनावर बसून राहिली. परतल्यावर रायभाननं ढोल भावाकडे दिला आणि परदेश दौऱ्यांचे व्यवहार स्वतः शिकायला लागला. दहा वर्षांनी जालन्यात दोन भाड्याच्या खोल्यांत त्यानं वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. कलावंतांना देशाबाहेर नेणारी, बाहेरच्यांना इथं आणणारी माणसं तयार करायची. व्हिसा, विमा, मुक्काम, करारनामा, सगळं शिकवायचं.

पण त्याच्या प्रमाणपत्राला बाहेर कुणी विचारत नव्हतं. मान्यता कुणाची, असं प्रत्येक पत्रात यायचं. शेवटी २००२ साली दिल्लीहून तपासणी समिती यायची ठरली. तिघं जण, दुपारी दोन वाजता.

त्या दिवशी अकराच्या सुमारास म्हातारा ढोलकर सांडू घनसावंगीहून जीपनं आला. समितीला भेटायला त्यालाही बोलावलं होतं. बेबीनंदा ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिनं सांडूच्या मंडळाचा परदेशातून आलेल्या एका पाहुण्या संस्थेच्या चमूबरोबर कार्यक्रम घडवून आणला होता. तिचीच फाईल समितीपुढं पहिली ठेवायची होती.

सांडूनं फाईलमधल्या करारावरचा आपला अंगठा ओळखला. "बाई, ह्या कागदात काय लिव्हलंय? तवा घाईत इचारायचं राह्यलं."

बेबीनंदा इंग्रजी करार मराठीत सांगू लागली. सातव्या कलमाशी अडखळली. "कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचे सगळे हक्क... कायमचे पाहुण्या संस्थेकडे राहतील."

"म्हंजी माझ्या बापाच्या ओव्या त्यांच्या झाल्या?"

हा करार रायभाननंच तपासला होता, शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले होते. भाषा चोख होती. सांडूला वाचून दाखवलं का, एवढं मात्र त्यानं विचारलं नव्हतं.

इंग्रजी शिकवणारा धर्मराज त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "रायभानराव, फाईल कपाटात ठेवा. बाकीच्या हायेत की. समिती गेल्यावर बघू. पोरांचं वर्ष आहे यात."

खरं होतं. एकोणीस पोरंपोरी मान्यतेच्या भरवशावर बसली होती. रायभाननं फाईल उचलली, कपाट उघडलं. सांडू त्याच्याकडे बघत होता, रागानं नव्हे, नुसता बघत होता.

"सर, माझं काय व्हायचं ते होऊ द्या," बेबीनंदा म्हणाली.

रायभाननं कपाट लावलं आणि फाईल टेबलावर सगळ्यात वर ठेवली.

दुपारी समितीच्या प्रमुख बाईंनी करार दोनदा वाचला. "हे तुम्ही तपासलंत?"

"हो. आणि ब्याण्णव गुण दिले. चूक आज सकाळी कळली, सांडूबाबांनी विचारल्यावर."

बाई सांडूकडे वळल्या. "तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?"

"न्हाई. पोरीवर भरवसा व्हता. अजून हाय. पण वाचून दावायला पाह्यजे व्हतं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं : मान्यता वर्षभर रोखली. चार जणांनी अभ्यासक्रम सोडला. एकाचा बाप येऊन रायभानला वाट्टेल ते बोलून गेला. त्यानं ऐकून घेतलं. बेबीनंदानं पाहुण्या संस्थेला लिहिलं. उत्तर आलं, सही झाली ती झाली. तिनं पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा, त्या पत्राखाली सांडूचा अंगठा आणि रायभानची सही. पाचव्या महिन्यात सातवं कलम रद्द केल्याचा कागद आला.

कलावंताच्या बोलीत, दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवल्याशिवाय कुठलाही करार पास करायचा नाही, असा नियम रायभाननं घातला. पुढच्या वर्षी समिती पुन्हा आली आणि मान्यता देऊन गेली. बेबीनंदाच्या प्रमाणपत्रावर करारनाम्याच्या विषयात एकसष्ट गुण होते. ते रायभाननंच कमी केले होते, आणि तिला तसं सांगितलंही होतं.

त्याच आठवड्यात ती जांब समर्थच्या एका भजनी मंडळाकडे नवा करार घेऊन गेली. द्वारकाबाई नावाच्या गायिकेनं तिला चौथ्या ओळीवर थांबवलं. "समजलं न्हाई. परत सांग."

बेबीनंदानं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.