व्हॅन सुरू होईना म्हणून उतरवलेली आत्या

मैत्रिणींनो, थंडीने गारठलेल्या इंजिनाचा आणि विधवा बाईच्या कपाळाचा संबंध काय? बी.ए. होऊनही मला सांगता येत नाही.

आज पहाटे तापाने फणफणलेल्या माझ्या विधवा आत्याला साताऱ्याहून सांगलीच्या दवाखान्यात न्यायचे होते. हाडे गोठवणारी थंडी. कितीही हँडल मारले तरी व्हॅन सुरू होईना.

ड्रायव्हर म्हणाला, "आवं ताई, पयल्यांदा ह्याच चढल्या न्हवं? उतरवा त्यांना."

मी भांडले. पण आत्याच "ऱ्हाऊ दे गं, त्यांचा धंदा हाय," म्हणत उतरली आणि रस्त्यावर कुडकुडत उभी राहिली.

रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतल्यावर इंजिन सुरू झाले.

"बघा, म्हणलं न्हवतं?" ड्रायव्हर हसला. "आता त्यांना मागं बसवा."

मी माझे कुंकू पुसले आणि आत्याला घेऊन त्याच्या शेजारी बसले.