भेसळ काढलेला गहू

माझा स्वभाव तापट आहे, आणि ज्याला नीट समजावून सांगायला हवं त्याच्याशीच मी नेमकी तोडून बोलते. गव्हाच्या गुणसूत्रांचा नकाशा काढायचं माझं काम ज्या हंगामात हातचं गेलं, त्या हंगामात आबांशी मी अशीच बोलले होते. आबा म्हणजे माझे वडील. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावाजवळचं आमचं शेत तेच बघतात.

प्रयोगशाळा दूर, मी शिकत होते त्या विद्यापीठात. पण मला चांगलं तापणारं रान हवं होतं. एक जुना, उंच, उन्हाला दाद न देणारा गहू आणि एक ठेंगणा, भरपूर पिकणारा, पण मार्चच्या उन्हात दाणा सुरकुतणारा, अशा दोघांचा मी संकर केला होता. त्यांची नातवंडं, म्हणजे दुसरी पिढी, आमच्या रानात मुद्दाम उशिरा पेरली. एकेक दाणा अंतर राखून टोकला, प्रत्येक रोपाला नंबराची चिठ्ठी बांधली. या पिढीत एकासारखं दुसरं रोप नसतं. आजा-आजीच्या गुणसूत्रांचे तुकडे प्रत्येकात वेगळ्या रीतीनं मिसळलेले असतात. डीएनएसाठी मी सगळ्यांची पानं आधीच नेली होती. आता उन्हात कुणाचा दाणा भरतो आणि कुणाचा पोचट राहतो, एवढं कापणीला पाहायचं होतं. दोन्ही ताडून पाहिलं की तो गुण एकवीस जोड्यांपैकी कोणत्या जोडीवर, कुठल्या टापूत बसलाय, ते सापडलं असतं.

नकाशा म्हणजे नेमकं काय, असं आबांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या जीपमधले दोघं बहुतेक वेळा सोबत उतरत असतील, तर त्यांची घरं जवळजवळ आहेत असा अंदाज बांधायचा; पिढीत सोबत उतरणाऱ्या गुणांचंही तसंच. हा पहिला नकाशा, तो माझा. मग रस्त्यावर उतरून खरं अंतर मोजायचं, तो दुसरा. आबा म्हणाले, मंग आधी मोजूनच काहून पाहत न्हाईत? प्रश्न इतका रास्त होता की मी चिडले. इतका लांब रस्ता मोजायला जन्म जाईल, उतरायचं कुठं ते तरी आधी कळायला नको का, असं म्हणून वर हेही सुनावलं की तुम्ही फक्त पाणी द्या, बाकी डोकं लावू नका. वाईट झाडंही मला हवीत, हे सांगायचं राहूनच गेलं.

फेब्रुवारी संपता संपता मी फोन करून कळवलं की आमचे मार्गदर्शक सर शनिवारी प्रयोग बघायला येतील. आबांनी किती तरी वर्षं एका बियाणं कंपनीसाठी बीजोत्पादन केलंय. कंपनीचा माणूस पाहणीला येतो, आणि वेगळ्या उंचीची, वेगळ्या ओंबीची झाडं दिसली की सगळा प्लॉट नापास करतो. म्हणून पाहणीच्या आधी घरातल्या सगळ्यांनी ओळीओळीनं फिरून भेसळ उपटायची, ही आमच्याकडची रीत. लहानपणी मीही उपटलीय. माझी नजर तेज म्हणून कौतुकही करून घेतलंय. तेव्हा हे मला फोनवरच सुचायला हवं होतं.

शनिवारी सरांना घेऊन मी बांधावर पोचले. गहू एका उंचीचा, एका रंगाचा उभा होता, आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. आबांनी धुतलेले कपडे घातले होते. त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. उपटलेल्या रोपांच्या चिठ्ठ्या होत्या त्यात.

"समद्या जपून ठेवल्या, माय. आता एक भेसळ सापडायची न्हाई."

रोपं बैलांना घातली होती. उंच, लवकर निसवलेली म्हणजे ओंबी आधी बाहेर पडलेली, मागे पडलेली, बिनकुसळाची, निम्म्याहून जास्त गेली होती. उरलेली इतकी सारखी होती की त्यांच्यावरून काहीच ठरलं नसतं. त्यातलं एकही रोप पुन्हा उगवणार नव्हतं, आणि माझ्या शिष्यवृत्तीचा तो शेवटचा हंगाम होता. सरांच्या एका नजरेत सगळं लक्षात आलं. ते आबांना एवढंच म्हणाले की रान फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही. आबांचा चेहरा खुलला. मला सरांचा राग आला, आबांचा आला, स्वतःचा तर फारच आला, पण ओरडायचं कुणावर?

सर गेल्यावर मी आबांना सांगितलं. मला सगळीच झाडं हवी होती, वाईट तर जास्तच हवी होती. तू आधी सांगितलं न्हाईस, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं मला. त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली, पहिल्या ओळीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, लिही.

मग प्रत्येक मोकळ्या जागेपाशी थांबून ते तिथलं झाड सांगू लागले. हे छातीला लागायचं, कुसळ नव्हतं. हे आठ-दहा दिस आधी निसवलं. हे वाकडं, पण पान रुंद. माझ्या वहीतल्या आधीच्या नोंदींशी त्यांचं सांगणं बरोबर जुळत होतं. म्हणजेच ते सगळं माझ्याकडे आधीपासून होतं. त्याचा उपयोग नाही, हे सांगायचा धीर होईना. मी नुसती लिहीत राहिले.

तिसऱ्या ओळीत ते थांबले. खाली उकिडवे बसले आणि मोकळ्या मातीवर हात ठेवला.

"तुला दाणा पाह्यजे व्हता न्हाई का? तो कसा भरला असता, ते म्या कसं सांगू?"

त्या झाडाचं पान प्रयोगशाळेत होतं, त्याचं प्रत्येक गुणसूत्र मला वाचता आलं असतं. पण आबांनी विचारलेलं मलाही कधीच सांगता येणार नव्हतं.