कोऱ्या टोपीचा पांढरा

माझ्या डोळ्यांवर माझा लय भरवसा होता. गंगाखेडात मी लग्नाचे अल्बम बनवतो. फोटोग्राफर फोटो काढून आणून देतात, मी लॅपटॉपवर पानं लावतो, चेहऱ्यांचे रंग नीट करतो आणि परभणीच्या लॅबकडं छपाईला पाठवतो. नवरीच्या शालूचा रंग चिंतामणी आहे की मोरपंखी, हे मी दुरून सांगतो, अशी माझी ख्याती होती. निदान मी तरी तसं चारचौघांत सांगत होतो.

त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्या पिवळ्या निघायला लागल्या. स्क्रीनवर गव्हाळ, सुरेख दिसणारी पोरगी छापून आली की आजारातून उठल्यासारखी दिसायची. एका फोटोग्राफरनं अल्बम माझ्या टेबलावर टाकला आणि विचारलं, हा लग्नाचा अल्बम हाय का नुसत्या हळदीचा? मी भडकलो. लॅबवाल्याला फोन लावून वाट्टेल ते बोललो, तुमची शाई खराब, तुमचा कागद खराब. तो बिचारा शांत माणूस. तो म्हणाला, शाई चांगली आहे, तुमची स्क्रीन निळी झालीय. निळी दिसते म्हणून तुम्ही प्रत्येक चेहऱ्यात पिवळा ओतताय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंच मला रंग मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी दिलं. मुठीत मावेल एवढी काळी डबी, वायरीनं लॅपटॉपला जोडायची आणि स्क्रीनवर टेकवून ठेवायची. खोलीत अंधार करायचा. मग स्क्रीनवर एकेक रंग येतो, लाल, हिरवा, निळा, करड्याच्या वीस तऱ्हा, आणि डबी प्रत्येक रंग मोजते. शेवटी त्या स्क्रीनसाठी खास एक प्रोफाइल तयार होतं, म्हणजे कुठला रंग किती दाखवायचा याचं कोष्टक. लॅपटॉपनं विचारलं, या प्रोफाइलला नाव काय देऊ? मी लिहिलं, छकुली.

कारण चार दिवसांपूर्वी मला लेक झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात रीतच आहे. सोनपेठजवळच्या एका खेड्यात बायकोचं माहेर. बाळ झालं त्या दिवशी मी दवाखान्यात होतो, लालबुंद पोरगी हातात घेतली, आणि अल्बमांची घाई म्हणून परत आलो. दवाखान्यातून सोडताना तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, पोरगी पिवळी वाटली तर लगेच दाखवा. सासरे म्हणाले, आता सुवेर आहे, बाराव्या दिवशी बारशालाच या. जावयानं सारखं सासरी जाऊन बसणं बरं दिसत नाही, हे मलाही पटलं. रोज फोटो पाठवायचं काम मेव्हणीकडं होतं.

प्रोफाइल लागू केलं आणि सगळी स्क्रीन पिवळट झाली. लॅबवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की निळ्याची सवय झालेल्या डोळ्याला खरा पांढरा चार दिवस पिवळाच वाटतो, हात लावू नका. मी हात लावला नाही. त्याच दुपारी मेव्हणीनं पाठवलेला फोटो मी मोबाइलवरून लॅपटॉपवर घेतला आणि मोठा केला. पोरगी पिवळी दिसत होती.

मी लगेच फोन लावला. मेव्हणी हसली. म्हणाली, दाजी, खोलीत पिवळा बल्ब हाय, सगळंच पिवळं दिसतंय. ते खरं होतं. बाळंतिणीची खोली, खिडकी बंद, दाराला जाड पडदा, खाली शेगडी, ओव्याची धुरी. फोन सासूबाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, लेकराला हळद-बेसन लावून न्हाऊ घालतोय, अंगाला हळद तर राहणारच. तेही खरं होतं. आणि माझ्याकडं माझी स्वतःची पिवळी स्क्रीन होतीच. एवढ्या पिवळ्यांतून माझ्या पोरीचा पिवळा कुठला ते कसं ओळखायचं? मी जुनं प्रोफाइल लावलं, पोरगी गुलाबी झाली. नवं लावलं, पुन्हा पिवळी. ती दुपार मी तेवढंच करत बसलो. जेवण ताटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोरीच्या पाचव्या दिवशी, सकाळी मला एक युक्ती सुचली. मी तेव्हा तिला युक्तीच म्हणत होतो. अल्बमात एखादा फोटो पिवळा आला की आम्ही त्यातली एखादी पांढरी वस्तू शोधतो, नवरदेवाचा शर्ट म्हणा, मांडवाचं कापड म्हणा, आणि त्यावर क्लिक करून लॅपटॉपला सांगतो की हे पांढरं आहे, बाकीचं यावरून ठरव. बल्बचा रंग त्यानं निघून जातो. पोरीच्या अंगावर तर जुन्या धोतराची धडपी होती, धुऊन धुऊन मळकट झालेली. पांढरं काय असेल त्या घरात? सासऱ्यांची टोपी. मी मेव्हणीला म्हणालो, बाळाच्या शेजारी मामांची पांढरी टोपी ठेव आणि फोटो काढ. मागून सासूबाईंचा आवाज आला, जावईबापूंना काय झालंय म्हणून. जावईशोध म्हणतात तो असाच असावा, असं मलाही क्षणभर वाटलं.

फोटो अकराच्या सुमाराला आला. गोधडीवर पोरगी, शेजारी टोपी, कडेला मेव्हणीची दोन बोटं. मी टोपीवर क्लिक केलं. बल्बचा पिवळा एकदम गेला. गोधडीतला लाल लाल झाला, हिरवा हिरवा झाला. मेव्हणीची बोटं जशी असतात तशी दिसायला लागली. पोरगी मात्र पिवळीच राहिली. कपाळ पिवळं, नाक पिवळं, धडप्यातून दिसणारी छाती पिवळी.

मी फोन करून विचारलं, आज हळद लावली का? अजून न्हाऊ घातलं नाही, मेव्हणी म्हणाली, कालची पुसली की. त्याच वेळी मी मोटारसायकलला किल्ली लावायला पाहिजे होती. तासाभराचा रस्ता. मी काय केलं, तर आणखी एक प्रश्न विचारला.

मी विचारलं, टोपीला नीळ घालता का?

घालतो की, ती म्हणाली, आई मामुली नीळ घालते का, बाबांच्या टोप्या बघाव्यात तुमी.

बुडत्याला काडीचा आधार. मी खुर्चीतच सरळ झालो. नीळ घातलेली टोपी म्हणजे पांढरी नव्हे, निळसर. मी निळसराला पांढरं म्हटलं, म्हणून लॅपटॉपनं सगळ्या फोटोतला निळा काढला आणि पिवळा वाढवला. हिशोब अगदी बरोबर होता, आजही बरोबर आहे. मग मी त्या निळीची सूट द्यायला लागलो. पिवळा थोडा कमी केला. पोरगी जरा बरी दिसली. आणखी थोडा कमी केला. मेव्हणीची बोटं जांभळट व्हायला लागली, तेव्हा फोटोची ती कड मी कापून टाकली. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण कापली, हे खरं. पोरगी गव्हाळ-गुलाबी, सुरेख झाली. तो फोटो मी माहेरी पाठवला आणि बायकोला फोनवर सांगितलं की काही नाही, टोपीच्या निळीनं घोटाळा केला होता.

ती म्हणाली, पोरगी लय झोपतेय. मी म्हणालो, एवढीशी लेकरं झोपतातच. त्या दिवशी मी एका नवरीची चाळीस पानं पुरी केली. चेहरे फार चांगले आले.

सहाव्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. घरातल्यांसमोर ती माझ्याशी मोजकंच बोलायची, आवाज चढवणं तर दूरच. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुमी फोटो बघायलात, मी लेकरू बघायले," ती म्हणाली. "कालपासून दूध ओढंना. उठवलं तरी उठंना. या तुमी."

लॅपटॉप उघडा टाकून मी निघालो. कारखाना चालू होता, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, पुढं जायला वाव नाही. एका ट्रॉलीच्या मागं अडकलो होतो तेव्हा आठवलं की काल पाचवी होती. रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून गेली असणार. मी असल्या गोष्टी मानत नाही, असंही चारचौघांत सांगायचो. त्या ट्रॉलीमागं मात्र मी सटवाईला हात जोडले, हँडल सोडून. काय लिहिलं असशील ते पूस म्हणालो.

घरी पोचलो तर सासूबाई दारात. बाळंतिणीनं बाहेर यायचं नाही, वारं लागतं, त्या सांगत होत्या. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत बायको पडदा सारून स्वतःच बाहेर आली आणि अंगणात उन्हात पोरगी घेऊन उभी राहिली. ना बल्ब, ना हळद, ना माझी स्क्रीन. पोरगी पिवळी होती. बायकोनं तिच्या डोळ्याची पापणी बोटानं वर केली. डोळ्यातलं पांढरंसुद्धा पिवळं होतं. सासूबाई आत गेल्या त्या दुपटी आणि शाल घेऊनच आल्या, आणि पुन्हा वाऱ्याचं नाव काढलं नाही.

गावातल्याच एकाची जीप मिळाली. परभणीपर्यंत बायको पोरीच्या तळव्यांना टिचक्या मारत राहिली, तिनं झोपू नये म्हणून. मी समोरच्या सीटवर बसून मागं वळून बघत होतो. दर वेळी वाटायचं, मघापेक्षा जास्त पिवळी झाली.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी पोरीला खिडकीपाशी उजेडात नेलं. कपाळावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याखालचं रक्त क्षणभर सरकतं आणि कातडीचा खरा रंग दिसतो. कपाळावर, मग छातीवर, मग पोटावर, मग तळव्यावर. सगळीकडं तोच पिवळा. कावीळ बरीच चढलीय, त्या म्हणाल्या, काल आणायला पाहिजे होतं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रक्त तपासलं आणि कावीळ उतरावी म्हणून पोरीला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि वरून निळा उजेड, इतका की ती स्वतः निळी दिसत होती. दर दोन तासांनी बायकोनं आत जायचं, वाटी-चमच्यानं दूध पाजायचं. मी काचेबाहेर. तिथून रंगाचं काहीच कळत नव्हतं. मी फक्त पोट वर-खाली होतंय का ते मोजत बसलो. कधी दोन श्वासांमधलं अंतर जास्त वाटायचं आणि मी उभा राहायचो.

दुसऱ्या दिवशी सासरे भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आले. बाकावर माझ्याशेजारी टेकले. डोक्यावर पांढरी टोपी, घडी मोडलेली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, मामा, टोपीला नीळ चांगली बसलीय.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली, उलटसुलट बघितली. "हिला कुठली नीळ? कोरी हाय ही," ते म्हणाले. "बारशासाठी घेतली होती. तुमी फोटोला मागितली म्हणल्यावर जावयाला वापरलेली कशी द्यावी?"

मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो. खाली नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मेव्हणी खोटं बोलली नव्हती, रोजच्या टोप्यांना नीळ असतेच. कुठली टोपी ठेवलीस, हे मी विचारलं नव्हतं. मला उत्तर पाहिजे होतं, ते मिळालं आणि मी थांबलो. वर गेलो तर सासरे टोपी मांडीवर ठेवून काचेकडं बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी पोरगी रडली. साधं नाही, सगळा मजला उठवेल असं भुकेचं रडणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कावीळ उतरतेय, काळजी नको. बायको तिथंच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही.

बारसं झालं, सव्वा महिन्यानं ती पोरीला घेऊन गंगाखेडला आली. एका सकाळी मी कामाला बसलो होतो, ती पोरीला खांद्यावर घेऊन मागं उभी राहिली आणि म्हणाली, टोपीचा फोटो दाखवा. मी पुसला असेल असं तिला वाटलं असावं. मी पुसला नव्हता. एकाच फोटोच्या तिन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या. पहिला बल्बखालचा, जसा आला तसा. दुसरा टोपीवरून ठरवलेला. तिसरा माझ्या हातचा, निळीची सूट दिलेला, कड कापलेला. कोऱ्या टोपीची गोष्ट मी तिला अजून सांगितली नव्हती, तिच्या वडलांनीही नसावी.

तिनं मधल्या फोटोवर बोट ठेवलं.

"उन्हात अशीच होती," ती म्हणाली. "मंग तवाच दिसलं होतं की तुमाला."

"दिसलं होतं," मी म्हणालो.

तिनं पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत निघून गेली.