झाडीखालचं गाव

“माणसं एवढी आणि छपरं इतकी कमी कशी?” पीटरने विचारलं. पीटर माझा बॉस. ब्रिस्टलमधल्या आमच्या इंजिनीअरिंग फर्ममध्ये मी नकाशे करायचो. दोन हजार पाच-सहाचा सुमार. रिपोर्ट संध्याकाळी क्लायंटकडे जायचा होता.

क्लायंट म्हणजे लंडनची एक चॅरिटी. उत्तर बिहारमधल्या एका नदीकाठच्या गावात त्यांना पूरनिवारा बांधायचा होता, म्हणजे उंच खांबांवरची पक्की इमारत. बजेट एकाच इमारतीचं. ती कुठे उभारायची ते आम्ही सांगायचं. जागा चुकली तर पुरात माणसं तिथवर पोचणारच नाहीत.

मी सॅटेलाइट इमेजवर घरांचा मोठा पुंजका शोधला आणि मधोमध खूण केली. मी साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलो. आमच्याकडे घरं पांढरीत, म्हणजे गावठाणात, एकमेकांना चिकटून. बाहेर काळी, म्हणजे शेतं. गाव म्हटलं की डोळ्यांपुढे हेच. जनगणनेतला आकडा मात्र त्या छपरांखाली मावेना.

“जॉइंट फॅमिली,” मी ठोकून दिलं. “एकेका घरात पंधरावीस माणसं असतात.”

“वेल, यू आर द एक्स्पर्ट,” पीटर म्हणाला.

प्रिंटरवरचा नकाशा आणायला गेलो, तर मीना झा तो हातात धरून उभी. मीना आमची स्ट्रक्चरल इंजिनीअर, माहेर उत्तर बिहारातलंच, दरभंग्याकडचं.

“अरे, ये तो एक ही टोला है। बाकी गाँव कहाँ है?”

टोला म्हणजे वाडी. तिच्या भागात एका गावाचे असे कितीतरी टोले, लांब लांब विखुरलेले. नदी पात्र बदलते, घरं गिळते, माणसं उठून दुसरीकडे वसतात. गावाचं नाव तेच राहतं. मी आमराई समजून हिरव्या रंगात रंगवलेल्या झाडीवर तिने बोट ठेवलं. “बाँस और आम के नीचे घर होते हैं, भाई।” मग एक वाकडी रेघ दाखवली. ती नदीची जुनी धार. एरवी कोरडी, पण पुराचं पाणी आधी तिच्यातच शिरतं. माझा निवारा धारेच्या अलीकडे आणि झाडीतली सगळी वस्ती पलीकडे.

मी नकाशा तिच्या हातातून घेतला. तसाच पीटरकडे गेलो. तो ओरडला नाही. त्याने चॅरिटीच्या हेलनला फोन लावला. “रिपोर्ट आज येणार नाही. निर्णय माझा आहे.” हेलनच्या ट्रस्टींची मीटिंग तोंडावर आली होती. तिने त्याला चांगलंच सुनावलं. त्याने मुकाट ऐकून घेतलं, माझं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीनाने कॉलिंग कार्ड वापरून फोनवर त्या भागातल्या आपल्या मामांना गाठलं. मामा टोले सांगत गेले, मी खुणा करत गेलो. मी खूण केलेल्या मोठ्या टोल्यात शाळेची पक्की गच्ची आहे, पुरात तिथली माणसं तिच्यावर चढतात, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी त्यांनी मला विचारलं, “आप कहाँ के हैं?”

“सातारा.”

“तब ठीक है। आपके यहाँ नदी अपनी जगह पर रहती है।”

निवारा धारेपलीकडे झाला. पुढे एका पावसाळ्यात पूर आला आणि हेलनची मेल आली: पलीकडचे सगळे लोक शेळ्या-वासरांसकट निवाऱ्यात पोचले. मी मेल घेऊन मीनाकडे गेलो. तिला थँक यू म्हणालो.

भारतात जन्मलो म्हणजे भारत कळतो, हा माझा समज मीनाने आणि पीटरने वेळेवर दुरुस्त केला. नाहीतर तो पुराने केला असता.