मास्तरांच्या नावावर खपवलेली चूक

कपड्यांच्या त्या कारखान्यात मॅनेजरसाहेबांना सगळे माघारी ‘गणितसाहेब’ म्हणत. कुठलाही निर्णय असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, यातून पुढे काय मिळणार? दर शनिवारी ते नव्या सुपरवायझर मंडळींना तासभर शिकवत, आणि शिकवतही छान.

त्या शनिवारी विषय होता बुडालेल्या खर्चाचा. साहेबांनी चावणाऱ्या बुटांचं उदाहरण दिलं. बूट महागाचे म्हणून घालत राहिलात तर पैसे काही परत येत नाहीत, पायाला फोड मात्र येतात. गेलं ते गेलं म्हणायचं आणि फक्त पुढचं बघायचं. सगळे हसले. शिलाईवरून नुकतीच वर आलेली एक बाई तेवढी हसली नाही. तिने सरळपणे विचारलं, “मग साहेब, आपलं कटिंगचं मशीन अजून का चालवतोय आपण?”

तिच्या मनात काही नव्हतं. पण साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती वेगळी बाब आहे, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी तास आवरता घेतला.

मशीन त्यांच्याच हट्टापायी आलं होतं. ते दर ताग्यामागे हातभर कापड वाया घालवतं, हे त्यांना चौथ्या महिन्यातच कळून चुकलं होतं. तेव्हाच कबूल केलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मालकांनी सगळ्यांसमोर जाब विचारला आणि साहेब बोलून गेले की मशीन ठीक आहे, मास्तरांनाच कापड नीट पसरता येत नाही. मास्तर म्हणजे कटिंगमास्तर, पंचवीस वर्षं कात्री चालवलेला माणूस. दुसऱ्या दिवसापासून ते पॅकिंगला बसून शर्टांच्या घड्या घालू लागले. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

घरी साहेबांनी ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. ती म्हणाली, “अहो, गेल्या वर्षी मास्तरांच्या मुलीच्या लग्नात आपल्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं त्यांनी.”

सोमवारी साहेबांनी मालकांना खरं सांगितलं. चुका होतात, विकून टाका, एवढंच म्हणून मालक दुसऱ्या कामाला लागले. इतक्या स्वस्तात सुटल्याचीही साहेबांना लाज वाटली. मग त्यांनी मास्तरांना जिन्याखाली बाजूला घेऊन खालच्या आवाजात माफी मागितली.

मास्तर हातातला शर्ट तसाच धरून ऐकत होते. “दोन वर्षं मी माझी चूक शोधतोय, साहेब,” ते म्हणाले. “घरी चादर पसरून बघायचो, हात थरथरतोय का म्हणून.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतात. आता जिन्याखाली का?”

जेवणाच्या सुट्टीत साहेब डबे उघडून बसलेल्या शंभर माणसांपुढे उभे राहिले. एरवी तासभर न अडखळणाऱ्या माणसाला तीन वाक्यांत घाम फुटला. मशीन वाईट होतं, आपल्याला ते ठाऊक होतं, आपण ते मास्तरांच्या नावावर खपवलं. मास्तरांनी मान वर न करता डबा संपवला आणि हात धुतले.

महिन्याभरात मशीन विकलं गेलं आणि मास्तर पुन्हा कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले. कामाचं विचारलं की ते नीट उत्तर देतात, पण पूर्वीसारखं ‘बसा की साहेब’ म्हणत नाहीत. साहेबही उभ्याउभ्याच निघतात.