विजेचा ड्रायव्हर, डिझेलचा गाव

माणूस रिटायर होऊन गावी आला की किस्से त्याला शोधत येतात. मी तर त्यांना आमंत्रणच दिलं!

मी मुंबई-पुणे लाइनवर विजेचं जुनं एक्स्प्रेस इंजिन चालवलेला माणूस. कोकणातल्या नांदगावला परतलो, तर नव्या कोकण लाइनवर सगळी डिझेल! वर साधी तार नाही. मग भिकूच्या चहाच्या टपरीवर रोज माझ्या इंजिनाचा महिमा. घरी बायको म्हणायची, "गजाली पुरे, नारळ सोला." तिने एकदा तरी कौतुक करावं, एवढीच माझी हौस.

*

भिकूने विचारलं, "लाईट गेली की गाडी काय करी?"

"थांबायची. एकदा खंडाळ्याच्या घाटात अडकलो होतो."

"मगे एक्स्प्रेस कसली?"

मी चहा संपवला.

*

गाडी आली की मी "हुं, डिझेल!" म्हणून नाक मुरडायचो. एकदा सावंतवाडीला जायला स्वतःच चढलो. फलाटावरून भिकू ओरडला, "ड्रायव्हरानू, उतरा! डिझेल आसा!" अख्खा डबा हसला.

*

घरचा फ्यूज उडाला. मी वायरमनला बोलावलं. बायको म्हणाली, "पंधराशे व्होल्टवाले ड्रायव्हर, आणि फ्यूज बसवूक वायरमन व्हयो!"

*

सावंतवाडीच्या खेळणीवाल्या मेस्त्रींना त्या इंजिनाचं लाकडी मॉडेल करायला सांगितलं. चित्रच काढून दिलं: पुढे लहान चाकांच्या दोन जोड्या, मध्ये तीन मोठ्या, प्रत्येकीला स्वतंत्र मोटारी, मागे लहान एकच जोडी. साहेबाच्या काळातलं डिझाइन ते!

मेस्त्रींनी मागेही दोन जोड्या बसवल्या. "एका बाजून लंगडा दिसत होता. म्हणान सरळ केलंय!" वर लाल धुराडंही, फुकट.

भांडून पुन्हा करून घेतलं.

*

गणपतीत ते इंजिन मखरापुढे ठेवलं. विजेच्या दिव्यांची माळ लावताना बायकोने ती नेमकी इंजिनाच्या टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफवरून नेली. कोकणात माझ्या इंजिनाला पहिल्यांदाच तार भेटली! भजनाला आलेली मंडळी टक लावून बघत होती.

तेवढ्यात लाईट गेली.

काळोखात भिकूचा आवाज आला, "ड्रायव्हरानू, गाडी खंय थांबली?"

मी काडेपेटी चाचपत होतो. स्वयंपाकघराच्या दारातून बायको कडाडली, "खंडाळ्याच्या घाटात! कोण खाली उतरू नकात, आमचे घोव ड्रायव्हर आसत गाडयेर!"